ओव्याची फुलं

काष्ठौषधींच्या दुकानात ‘ओव्याची फुलं’ मागितली की दुकानदार बरणीतून खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे पांढरे खडे काढून पुडी बांधतो. ओव्याचं तेल गार झालं की त्यातून साकळणारे हे स्फटिक म्हणजे थायमॉल. त्याच दुकानातून भीमसेनी कापूर आणि पुदिन्याची फुलं (म्हणजे मेंथॉल) आणून तिन्ही कोरड्या बाटलीत समभाग घालून हलवा. थेंबभर पाणी न घालता थोड्याच वेळात बाटलीत पातळ द्रव तयार होतो. थायमॉल एरवी पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, पण या तिघांच्या मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली घसरतो. हीच अमृतधारा. (बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नये. कापूर पोटात गेला तर विषारी असतो.)

अलीकडे ओव्याला ‘नैसर्गिक अँटिबायोटिक’ म्हणायची टूम निघाली आहे. घशात खवखव, ओवा. ताप, ओवा. यातलं ‘जंतुनाशक’ एवढं खरं आहे आणि ते प्रयोगशाळेत शेकडो वेळा दिसलंय. पण जंतुनाशक असणं आणि अँटिबायोटिक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि थायमॉलचा जवळजवळ सगळा इतिहास या दोहोंमधल्या अंतराचा आहे.

ओव्याचा दाणा भिंगाखाली धरला तर त्यावर उभ्या शिरा दिसतात. तेलाच्या बारीक नळ्या सालीत, या शिरांच्या मधल्या खाचांखाली दडलेल्या असतात. म्हणून भज्यांच्या पिठात घालताना बायका ओवा तळहातावर चुरडतात. अख्ख्या दाण्याला इतका वास येत नाही. दाण्यात दोन ते चार टक्के तेल आणि त्यातलं साधारण निम्मं थायमॉल. झाडानं हे आपल्यासाठी केलेलं नाही. बुरशी, किडे, जंतू यांच्याविरुद्धचा हा त्याचा बंदोबस्त आहे. अंगणातल्या कुंडीतला, जाड लवदार पानांचा पानओवा खऱ्या ओव्याच्या जवळचाही नाही. तो तुळशीच्या कुळातला, ओवा कोथिंबिरीच्या. तरी दोघांनी जवळपास तेच रसायन गाठलं. पानओव्यात थायमॉलचा सख्खा भाऊ कार्व्हाक्रॉल मुबलक असतो.

थायमॉल जंतूला मारतं ते त्याच्या पेशीभोवतीच्या पातळ पडद्यात घुसून. पडदा स्निग्ध, थायमॉलही स्निग्ध, त्यामुळे ते सहज शिरतं. पडदा गळू लागतो, पेशीतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, ऊर्जा तयार करण्याची व्यवस्था कोलमडते. पेनिसिलिनचं तसं नाही. ते जंतूच्या पेशीभित्तीच्या बांधकामावर घाव घालतं आणि तशी भित्ती आपल्या पेशींना नसतेच. स्निग्ध पडदा मात्र आपल्याही प्रत्येक पेशीला आहे. थायमॉलला आपला-परका कळत नाही. त्याच्या गुणाचं आणि मर्यादेचं मूळ एकच आहे ते असं.

आता थोडा हिशोब. चहाचा चमचाभर ओवा म्हणजे साधारण दोन ग्रॅम, त्यात थायमॉल फार तर चाळीस मिलिग्रॅम. काचेच्या बशीत बहुतेक जंतूंची वाढ थांबवायला लिटरमागे शंभर ते काहीशे मिलिग्रॅम लागतं. आपल्या अंगात रक्त पाच लिटर. सगळं थायमॉल जसंच्या तसं रक्तात उतरलं असं धरलं तरी लिटरमागे आठ मिलिग्रॅम! आणि ते जसंच्या तसं उतरतही नाही. शरीर त्याला सल्फेट वगैरे जोडून निष्प्रभ करतं. रक्तात मोकळं थायमॉल शोधायला गेलं तर जवळजवळ हाती लागत नाही. ओव्यानं पोटातला वारा सरतो, तोंडाला चव येते, याबद्दल माझी तक्रार नाही. पण न्यूमोनिया झालेल्या माणसाला ओव्याचा काढा पाजत दोन दिवस घालवणं हा निव्वळ अविचार आहे.

बाहेरून मात्र थायमॉलनं मोठी कामं केली. 1719 मध्ये बर्लिनच्या कॅस्पर नॉयमान या औषधनिर्मात्यानं ते थाइम या वनस्पतीच्या तेलातून वेगळं काढलं. लिस्टर या ब्रिटिश शल्यविशारदानं 1867 मध्ये शस्त्रक्रियेत कार्बोलिक ॲसिडचा पुरस्कार केल्यावर, त्याहून जंतूंना जहाल आणि कातडीला सौम्य म्हणून थायमॉलकडे लक्ष गेलं. अडचण एवढीच की लिटरभर पाण्यात ते जेमतेम ग्रॅमभर विरघळतं, म्हणून त्याला अल्कोहोलची सोबत लागते. लिस्टरच्या नावावरून 1879 मध्ये अमेरिकेत निघालेल्या लिस्टरिनमध्ये ते आजही आहे. आतड्यातल्या हुकवर्मवर ते काही ग्रॅमच्या मात्रेत दिलं जाई. म्हणजे पोटात, पण रक्तात नव्हे. त्यावर जुलाबाचं मीठ, आणि तेलतूप व दारू सक्त वर्ज्य. कारण त्यांच्याबरोबर थायमॉल रक्तात शोषलं गेलं तर रोगीच दगावायचा.

पहिल्या महायुद्धाआधी आपल्याकडचा ओवा पोत्यांनी जर्मनीला जायचा, तिथे त्याचं थायमॉल होऊन जगभर विकलं जायचं. 1914 मध्ये जहाजं थांबली. इथे ओव्याला गिऱ्हाईक नाही, तिकडे थायमॉलचा दुष्काळ. मग कुठे आपल्याकडे ओव्याच्या भट्ट्या लागल्या. पुढे कारखान्यांत मेटा-क्रेसॉलपासून थायमॉल बनू लागलं आणि त्या व्यापारातला जीव गेला. रेणू तोच असल्यामुळे जंतूला दोन्हींत फरक पडत नाही. ‘शंभर टक्के नैसर्गिक’च्या चिठ्ठीसाठी जास्त पैसे मोजणाऱ्याला पडत असेल.

थायमॉलचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग दप्तरखान्यातला. आपल्या पावसाळ्यात जुन्या कागदांवर बुरशी धरते. अभिलेखागारांत त्यासाठी एक बंद कपाट असतं. तळाशी बशीत थायमॉलचे खडे, खाली मंद दिवा, वर जाळीवर उलगडून मांडलेले कागद. दिव्याच्या उबेनं खड्यांची वाफ होते आणि पानापानांत शिरून बुरशी मारते. पण वाफ कागदात टिकून राहत नाही. तैलरंग आणि व्हार्निश तिनं मऊ पडतात, माणसाच्या डोळ्यांना आणि श्वासालाही ती बरी नव्हे. त्यामुळे परदेशातल्या अनेक संग्रहालयांनी ती पद्धत सोडली. शिवाय कपाटातून काढलेला कागद परत दमट खोलीत ठेवला, तर पुढच्या आषाढात त्यावर पुन्हा बुरशी.