नियम माहीत, वापर अज्ञात

एनसीईआरटीच्या दहावीच्या गणिताच्या पुस्तकात टॅक्सीच्या भाड्याचं एक उदाहरण आहे. भाड्यात एक ठरावीक रक्कम आणि वर दर किलोमीटरचा आकार. १० किलोमीटरला १०५ रुपये झाले, १५ किलोमीटरला १५५. तर ठरावीक रक्कम किती आणि दर किती? दोन समीकरणं मांडायची, एकातून दुसरं वजा करायचं, उत्तरं ५ आणि १०. उदाहरण चोख आहे. पण टॅक्सीत बसणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण दर आधीच ठरलेला असतो. त्याला ठाऊक नसतं ते आपल्याला किती फिरावं लागणार हे. व्यवहारातले बहुतेक करार असेच असतात: नियम छापलेला, वापर अज्ञात. शाब्दिक उदाहरणांत बहुधा नियमच लपवलेला असतो. ती सोडवून मुलांना समीकरणं येतात. कशाला चल धरायचं आणि काय गृहीत धरायचं, हे मात्र पुस्तकानेच ठरवून टाकलेलं असतं.

मोबाइलचा रिचार्ज वर्गात आणावा असं मला वाटतं ते यासाठी.

आकडे सोयीचे घेऊ. समजा, एक पॅक ३०० रुपयांचा, मुदत २८ दिवस. घरोघरी याला ‘महिन्याचा रिचार्ज’ म्हणतात. वर्षाचा खर्च विचारला की मुलं ३०० ला १२ ने गुणून ३६०० सांगतील. शिक्षकाने फक्त कॅलेंडर पुढे ठेवावं. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. रिचार्ज तेरा, खर्च ३९००. आणि १ जानेवारीला सुरुवात केली, तर लीप नसलेल्या वर्षात तेरावा पॅक ३० डिसेंबरला संपतो. ३१ तारखेला, त्याच वर्षात, चौदावा रिचार्ज मारावा लागतो. मग वर्षाला तेरा म्हणायचं की चौदा? यावर वर्गात वाद व्हायला हवा, कारण तो ‘वर्ष’ म्हणजे काय धरलं याचा वाद आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना ३० दिवसांचे आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारे पॅकही ठेवायला सांगितले. तेव्हा ३१ तारीख नसलेल्या महिन्यात काय करायचं, हेही आदेशात लिहावं लागलं. व्याख्या काटेकोर का लागते, हे याहून सोप्या वाटेने शिकवता येईल असं मला वाटत नाही.

खरी गंमत रोजच्या मर्यादेत आहे. रोज १.५ जीबी, उरलेला डेटा बुडाला. एका मुलीला सोमवार ते शनिवार रोज अर्धा जीबी लागतो आणि रविवारी ४. आठवड्याची बेरीज ७, सरासरी रोज १ जीबी. म्हणजे पॅक पुरून उरायला हवा. प्रत्यक्षात रविवारी तिला अडीच जीबी कमी पडतात. सरासरी कुठे फसवते, हे इथे दिसतं.

आता दुसरा पॅक घ्या: एकूण ४२ जीबी, २८ दिवसांत केव्हाही वापरा. रोजचे १.५ धरले तरी एकूण ४२च होतात. मुलांनी सिद्ध करावं, की वापर कसाही असो, पहिल्या पॅकमधून मिळेल तितका डेटा दुसऱ्यातून मिळतोच. पहिल्यात कोणत्याही दिवशी मिळणारा डेटा त्या दिवशीच्या गरजेहून जास्त नसतो, म्हणून बेरीज एकूण गरजेच्या वर जात नाही, तो १.५ हूनही जास्त नसतो, म्हणून बेरीज ४२ च्याही वर जात नाही. दुसरा पॅक मात्र या दोहोंतला लहान आकडा पूर्ण देतो. मग दोन्ही पॅक सारखेच केव्हा? रोजची गरज एकही दिवस १.५ च्या वर गेली नाही, किंवा एकही दिवस खाली आली नाही, तरच. ‘हे बाजारहाटाचं अंकगणित, गणित नव्हे’ असा आक्षेप घेणाऱ्या शिक्षकांनी ही सिद्धता एकदा फळ्यावर मांडून पाहावी.

वार्षिक पॅकबद्दल मात्र जपून शिकवायला हवं. समजा, तो ३५०० रुपयांना आहे. तेरा रिचार्जच्या तुलनेत ४०० रुपये वाचले. म्हणून तो घेणारा शहाणा आणि २८ दिवसांचा घेणारा अडाणी, असा धडा वर्गातून जाता कामा नये. हातात ३०० च असलेल्या घराने उरलेले ३२०० बचत गटातून दरमहा २ टक्के व्याजाने घेतले आणि २८ दिवसांचा महिना धरून दर वेळी ३०० फेडले, तर बारा हप्त्यांनंतरही सुमारे ३५ रुपये देणं उरतं. व्याज ४३५, बचत ४००. रोजंदारीवरच्या घराने छोटा पॅक घेणं हा पुरता विचारी निर्णय असू शकतो, आणि तो विचार आकड्यांत मांडता येतो.

असे प्रश्न परीक्षेत विचारले तर गुण कसे द्यायचे, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलांच्या विचारांचं गणितीकरण हे ध्येय ठेवलं होतं. आपल्या प्रश्नपत्रिकेत अजून एका प्रश्नाला एकच उत्तर लागतं. माझ्या मते निम्मे गुण गृहीतकांना ठेवावेत. ‘रविवारी भाऊ घरी असतो, म्हणून त्या दिवशी वापर चौपट धरला’ असं लिहून जो महागडा पॅक निवडतो आणि हिशेब नीट मांडतो, त्याला पूर्ण गुण मिळावेत. काहीच न सांगता स्वस्त पॅकवर खूण करणाऱ्याला निम्मेच.