हिरडा आणि हिरडी

एक बाळहिरडा घ्या. वाळलेला, काळपट, सुरकुतलेला. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडे कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या घरी सापडेल, नाहीतर काष्ठौषधींच्या दुकानात. निवांत बसा. पाठ टेकलीत तरी चालेल. हिरडा गालात धरा, चावायची घाई नको.

आधी तुरटपणा येईल. गाल आतून आवळेल, जीभ खरखरीत होईल. आता ती जीभ सावकाश हिरडीवर फिरवा. हिरडा आणि हिरडी, एका काना-वेलांटीचा फरक. व्युत्पत्तीत मी शिरत नाही. कानाला दोघं सख्खे वाटतात, तेवढं पुरे. तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं, तूर्तास तुमच्या लाळेतल्या. कातडी कमावतानाही तेच होतं, तिथे ते कोलॅजेनला बांधतं. आणि जिभेखाली हिरडीचा जो घट्टपणा लागतोय, तोही कोलॅजेनचाच.

डोळे मिटून झाड आठवा. आहुप्याकडचा डोंगर, उन्हाळा, महादेव कोळी घरातली माणसं हिरडा गोळा करताहेत. कोवळा पाडून वाळवला की बाळहिरडा. झाडावर पूर्ण पिकू दिला की सुरवारी. बाजारात नावं वेगळी, भाव वेगळे. झाड मात्र एकच. पानात, सालीत, फुलात, कोवळ्या आणि पिकल्या फळात जनुकं तीच. मग पान पान का होतं आणि फळ फळ का? इथे थोडं थांबा. उत्तर लगेच देऊ नका.

तुमच्या हिरडीतल्या पेशीतही प्रथिनांच्या सुमारे २०,००० जनुकांचा तोच संच आहे, जो तळहातात आहे, यकृतात आहे. प्रत्येक पेशी त्यातला आपल्या कामाचा भाग वाचते. वाचलेल्याची नक्कल आरएनएच्या रूपात निघते, त्यावरून प्रथिन घडतं. हिरडीतल्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेनचं पान वाचतात आणि तंतू विणतात. किती विणायचं आणि कुठे थांबायचं, सगळी गोम तिथे आहे.

काही घराण्यांत हे थांबणं बिघडतं. आनुवंशिक हिरडीवृद्धी हा फार विरळा आजार. पक्के दात यायच्या वयात बऱ्याचदा हिरडी वाढू लागते, कठीण, फिकट गुलाबी, सहसा न दुखणारी, आणि दातांवर चढत जाते. कधी दात पुरते झाकले जातात. त्या पोराचं हसणं मनात आणा. ओठ मिटून हसायची सवय किती लवकर लागत असेल! बहुतेक घराण्यांत आई किंवा वडील, एकाकडून दोष आला तरी पुरतो. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

२००२ मध्ये अशा एका ब्राझिलियन घराण्यात दोष सापडला. एसओएस१ या जनुकात एक अक्षर जास्तीचं घुसलं होतं. एक अक्षर! पेशी तीन-तीन अक्षरं धरून वाचते. तसंच वाचून बघा: हिरडा सुकला घरात आणला. आता ‘सु’नंतर एक ‘म’ घाला: हिरडा सुमक लाघरा तआण ला. अक्षरं जवळपास सगळी जागेवर आहेत, वाक्य मात्र गेलं. पेशीत अशा वाचनात पूर्णविराम अवेळी आला, प्रथिनाचं शेपूट तुटलं आणि वाढीचा निरोप थांबेना.

शस्त्रक्रियेत कापलेला हिरडीचा तुकडा प्रयोगशाळेत बशीत ठेवतात. त्यातून फायब्रोब्लास्ट बाहेर सरकतात, पसरतात. मग कोणत्या जनुकाच्या किती नकला निघाल्या ते मोजतात, निरोगी हिरडीशी ताडतात. तोंडापासून तुटलेल्या त्या पेशी बशीतही आपला जुना स्वभाव बराच काळ धरून असतात. कापलेली हिरडी पुन्हा वाढू शकते, ती उगाच नाही.

पण खरा अडकायचा मुद्दा पुढे आहे. ते जास्तीचं अक्षर त्या माणसाच्या अंगभर आहे. तळहातात, यकृतात, सगळीकडे. वाढते ती हिरडी. आणि फिटसाठी वर्षानुवर्षं फेनिटॉइन घेणाऱ्या कित्येकांची हिरडी जनुकात असा कुठलाही दोष नसताना तशीच फुगते. म्हणजे अक्षर कुठे लिहिलंय एवढं कळून भागत नाही. नाणेघाटातल्या लेण्याच्या भिंतीवर सातवाहनांचा लेख दोन हजार वर्षं आहे. त्याच्यासमोरून मालाचे तांडे गेले, गुरं गेली, पावसाळी सहलीतली गर्दी आजही जाते. वाचायला थांबतं कोण?

ते अक्षर वाचायला हिरडीच का थांबते, हा प्रश्न गालातल्या हिरड्यासारखाच धरून ठेवा. चघळा, गिळू नका.

तुरटपणा ओसरला असेल. जीभ पुन्हा एकदा हिरडीवरून फिरवा, दात जिथे सुरू होतो त्या काठापर्यंत. हिरडी तिथे थांबलेली आहे.