उपाधी आणि घरातील वायफाय

मुळात अमर्याद असलेली वस्तू जिच्या सान्निध्यामुळे मर्यादित भासते, तिला अद्वैत वेदान्तात उपाधी म्हणतात. घटामुळे आकाश तुटक वाटते, हा शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यातील दृष्टान्त याच अर्थाचा आहे. घरातील वायफायलाही अशीच उपाधी जडते: जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात फायबरची, म्हणजे प्रकाशतंतूची, वेगवान जोडणी आली तरी आतल्या खोलीत वेग मंदावतो, तेव्हा दोष बहुधा बाहेरच्या तारेचा नसतो. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी अशा भिंतीत लवकर क्षीण होतात. शिवाय सच्छिद्र जांभा पावसाळ्यात पाणी धरतो आणि पाणी या लहरी शोषून घेते. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक दूर पोहोचतात, पण त्यांचा पट्टा अरुंद आणि गर्दीचा असतो.

मात्र वेदान्ताचा दृष्टान्त येथे अर्धाच लागू पडतो. घटामुळे आकाश खरोखर कमी होत नाही. वायफायचा वेळ मात्र खरोखर खर्ची पडतो, कारण एका चॅनेलवर एका वेळी साधारणपणे एकच उपकरण बोलू शकते आणि दूरच्या कोपऱ्यातील मोबाइल क्षीण संकेतामुळे तीच माहिती सावकाश पाठवू लागला, की राउटरशेजारचा संगणकही ताटकळतो. एकाची उपाधी अशी सर्वांच्या वाट्याला येत असल्याने हा प्रश्न ज्ञानमीमांसेपेक्षा नीतीचा अधिक आहे. म्हणून सेवा पुरवणाऱ्यास दोष देण्यापूर्वी संगणक राउटरला तारेने जोडून वेग मोजावा, मग वायफायवर मोजावा. दोहोंतील फरक बहुतांशी घरातला असतो आणि महागडी योजना घेऊन तो भरून निघत नाही.