झाकली मूठ

जुनी पिढी पराक्रमी आणि नवी पिढी नाजूक, अशी समजूत प्रत्येक काळी व प्रत्येक व्यवसायात आढळते. तिच्याकडे सहसा हसून दुर्लक्ष करावे. कारण ती बोलून दाखविणाऱ्याला बहुधा स्वतःचे तारुण्य आठवत असते. परंतु धंदेवाईक मुष्टियुद्धाच्या बाबतीत या समजुतीच्या पाठीशी आकडे उभे आहेत. अमेरिकेचा हॅरी ग्रेब १९१९ या एकाच सालात ४५ वेळा रिंगणात उतरला, आणि तेरा वर्षांच्या कारकीर्दीत त्याने सुमारे ३०० सामने केले. शुगर रे रॉबिन्सन याला ५ फेब्रुवारी १९४३ रोजी जेक लामोटाने पहिल्याने पराभवाची चव दाखविली. त्यानंतर चौदाच दिवसांनी रॉबिन्सनने दुसऱ्या एका प्रतिस्पर्ध्याला हरविले, आणि आणखी सात दिवसांनी पुन्हा लामोटाला गाठून पराभवाची फेड केली. जो लुई याने १९४१ मध्ये आपले जगज्जेतेपद सात वेळा पणाला लावले. उलट फ्लॉइड मेवेदर याने १९९६ ते २०१७ या एकवीस वर्षांत ५० सामने केले. आणि आजचा जगज्जेता वर्षातून दोनदा रिंगणात उतरला तरी तो उद्योगी समजला जातो.

तेव्हा प्रश्न असा की, आजचा मुष्टियोद्धा आपल्या पूर्वजांहून भित्रा झाला आहे काय?

न्याय करण्यापूर्वी परिस्थिती पाहणे इष्ट होईल. ग्रेबच्या काळी अमेरिकेतील गावोगावी लहान लहान क्लब होते, आणि तेथील एका रात्रीची कमाई फार दिवस पुरण्याजोगी नसे. कित्येक राज्यांत तर पंचाने निकाल देण्यासच कायद्याची बंदी होती. प्रतिस्पर्धी पार कोसळला नाही, तर जय कोणाचा हे दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे ठरवीत. अशा व्यवस्थेत पराभव ही रोजच्या व्यवहारातील गोष्ट होती. पुढे १९५० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणी आली, घरबसल्या सामने दिसू लागले, आणि ते लहान क्लब एकामागून एक बंद पडले. त्याहीनंतर एकेका सामन्यासाठी घरोघर वेगळे पैसे घेण्याची पद्धत निघाली. २०१५ मध्ये मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांची झुंज पाहण्यासाठी एकट्या अमेरिकेत ४० लाखांहून अधिक गिऱ्हाइकांनी पैसे मोजले. एका रात्रीत जन्माची ददात मिटत असेल, तर महिन्याला चारदा मार खाण्यास कोण तयार होईल? पूर्वी वजनाचे वर्ग आठ होते, ते आता सतरा झाले आहेत. आणि प्रत्येक वर्गात जगज्जेता ठरविणाऱ्या प्रमुख संस्था चार आहेत. साहजिकच एका जगज्जेत्याला दुसऱ्याची गाठ टाळणे अगदी सोपे झाले आहे.

या सर्वांचा परिणाम असा की, पराभवाची किंमत भलतीच वाढली. रॉबिन्सन आपल्या कारकीर्दीत १९ वेळा हरला, तरी जाणते लोक त्याला सर्वश्रेष्ठ मानतात. आज मात्र नावापुढील पराभवांच्या रकान्यातले शून्य हेच मोठे भांडवल होऊन बसले आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही आपल्याकडील म्हण मुष्टियुद्धाच्या बाजारात शब्दशः खरी ठरली आहे.

येथवर आल्यावर नव्या पिढीला दोष देणे सोपे वाटते. धैर्य म्हणजे केवळ ठोसे सोसणे नव्हे; आपल्या तोलाच्या माणसापुढे उभे राहून आपली परीक्षा होऊ देणे, हे धैर्याचे खरे लक्षण आहे. हरल्यावर तीनच आठवड्यांनी त्याच माणसासमोर उभा राहणारा रॉबिन्सन या कसोटीस पुरेपूर उतरतो. शून्य जपण्यासाठी वर्षानुवर्षे बरोबरीचा सामना टाळणारा वीर तीत उतरत नाही, हे कबूल केले पाहिजे.

परंतु तराजूला दुसरेही पारडे असते. १९२८ मध्येच मार्टलँड या अमेरिकन वैद्याने, डोक्यावर वारंवार ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूची काय अवस्था होते, याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. ज्या ग्रेबचे सामने आपण कौतुकाने मोजतो, तो कारकीर्दीची अखेरची काही वर्षे एका डोळ्याने आंधळा असता लढत होता, आणि १९२६ मध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी एका शस्त्रक्रियेनंतर मरण पावला. १९८९ मध्ये रॉबिन्सनचा अंत झाला, त्यापूर्वीच स्मृतिभ्रंशाने त्याला ग्रासले होते. बेनी पॅरेट याची हकीकत तर याहून कठोर आहे. डिसेंबर १९६१ मध्ये जीन फुलमरने त्याला बेदम मारून पाडले; पुरते चार महिनेही लोटले नाहीत तोच, मार्च १९६२ मध्ये तो एमिल ग्रिफिथपुढे उभा होता, आणि त्या सामन्यातील मारानेच तो दगावला. हजारो कुटुंबांनी तो प्रसंग घरात बसून पाहिला. १९८२ मध्ये डुक कू किम या कोरियन तरुणाचा असाच अंत झाला, तेव्हा कोठे जगज्जेतेपदाच्या सामन्यांतील पंधरा फेऱ्यांच्या बारा होऊ लागल्या. एका राज्याने दुखापतीमुळे मनाई केलेल्या खेळाडूस दुसऱ्या राज्यात लढता येऊ नये, असा कायदा अमेरिकेत होण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

हे ध्यानात घेतले म्हणजे ‘पूर्वीचे वीर किती वेळा लढत!’ हा उद्गार निरागस राहत नाही. तो काढणारा प्रेक्षक स्वतः एकही ठोसा खात नाही. दुसऱ्याच्या मस्तकाची झीज हा आपल्या करमणुकीचा हक्क आहे, असे तो नकळत समजून चालतो.

मग सामने कमी झाले हे चांगलेच झाले, असे म्हणून प्रकरण मिटवावे काय? तसे करण्यास मला एका माणसाची आठवण आडवी येते. बर्मिंगहॅमचा पीटर बकली हा १९८९ ते २००८ या काळात बरोबर ३०० सामने लढला आणि त्यांपैकी २५६ हरला. उगवत्या खेळाडूंना अनुभव मिळावा आणि त्यांच्या नावापुढील शून्य शाबूत राहावे, यासाठी लागणारा प्रतिस्पर्धी तो होता. पुढे जगज्जेता झालेला नसीम हमीदही त्याच्याशी लढून गेला. म्हणजे ग्रेबच्या काळची ती संख्या नाहीशी झालेली नाही, ती फक्त जिन्याच्या वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरली आहे. जो जिंकतो तो क्वचित लढतो; ज्याला हरण्याचेच वेतन मिळते तो आजही आठवड्या-पंधरवड्याने हातमोजे चढवितो.

आणि मग मागे वळून पाहता असे दिसते की, ग्रेबच्या त्या ४५ सामन्यांतही सर्वच शौर्य नव्हते, पुष्कळशी गरज होती. गरजेला शौर्याचे नाव दिले की पाहणाऱ्याच्या मनाला टोचणी लागत नाही, एवढेच. बकलीचे सामनेही गरजेचेच. परंतु तो हरत असल्यामुळे त्याला ते नाव देण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

तेव्हा येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. ठोसे कमी होणे ही एक गोष्ट आणि परीक्षा कमी होणे ही दुसरी. पहिली माणुसकीची वाढ आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. ती जिन्याच्या तळाशी उभ्या असलेल्यालाही मिळाली पाहिजे. दुसरी मात्र व्यापाऱ्याची हातचलाखी आहे. वर्षातून एकदाच लढावे, पण ते तोलाच्या माणसाशी. आणि हरल्यास त्यामुळे माणूस संपला असे कोणी समजू नये. या शेवटच्या अटीची जबाबदारी खेळाडूवर नाही, ती आपणा प्रेक्षकांवर आहे. हरलेल्याला आपण ज्या दिवशी टाकून देणार नाही, त्या दिवशी मूठ झाकून ठेवण्याचे त्याला कारण उरणार नाही.