भीड, भीती आणि बडा फुहारा

जबलपूरच्या बडा फुहाऱ्याचा बाजार टाळणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. एकाला धास्ती दाटीची. कमानिया गेटापासून फुहाऱ्यापर्यंत माणसाला माणूस घासतोय, मध्येच छातीत धडधडू लागलं तर बाहेर पडायचं कुठून? दुसऱ्याला दाटीचं काहीच नाही. उलट दाटीत तो सुखी असतो, कारण तिथं त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्याच्या हातापायांना घाम फुटतो तो दुकानदारानं गादीवरून हाक मारली की : "आइए भाईसाहब, क्या दिखाऊँ?"

बाहेरून पाहणाऱ्याला दोघं सारखेच. घरचे म्हणतात, याला बाजार आवडत नाही. या दोन भीती वेगळ्या आहेत हे मानसोपचाराला स्वच्छ दिसायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, म्हणून घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

पहिल्या भीतीला नाव आधी मिळालं. बर्लिनच्या कार्ल वेस्टफालनं 1871 च्या सुमारास मोकळे चौक ओलांडताना गर्भगळीत होणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं आणि त्याला ‘ॲगोराफोबिया’ म्हटलं. ॲगोरा म्हणजे ग्रीक नगरातला चौक. बाजारही तिथंच भरायचा. दुसऱ्या भीतीकडे फ्रान्समध्ये पिएर जानेचं लक्ष गेलं. कोणी पाहत असताना बोलणं, लिहिणं, पियानो वाजवणं ज्यांना अशक्य होई, अशा लोकांबद्दल त्यानं 1903 मध्ये लिहिलं. एकटे असताना हीच कामं त्यांना बिनबोभाट जमत. पण ही नोंद बरीच वर्षं तशीच पडून राहिली. 1966 मध्ये लंडनच्या आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांनी रुग्णांना एक साधा प्रश्न विचारला : हे सुरू कधी झालं? प्राण्यांची भीती अगदी लहानपणी सुरू झालेली, माणसांच्या नजरेची एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास, चौक-बाजाराची चोविशीच्या सुमाराला. वयानं जे वेगळं केलं ते लक्षणांनी केलं नव्हतं. मला हा प्रश्न फार आवडतो. असा प्रश्न आजीही विचारते.

आजीकडे शब्दही होते. लाजाळू, बुजरा, घुमा, संकोची, भिडस्त. आणि त्यांच्या समोर उभा केलेला एक भक्कम शब्द, सभाधीट. सभेत धीट असणं हा कमवायचा गुण. तो नसणं ही उणीव, आजार नव्हे. पण त्याच भाषेत ‘भीड भिकेची बहीण’ असंही म्हणतात. भीड वाईट आहे असं ती म्हण म्हणत नाही. भिडेपायी पदरचं काय गेलं, ते पाहा म्हणते.

अमेरिकन मानसोपचार संघटनेनं 1980 मध्ये आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘सोशल फोबिया’ हे स्वतंत्र निदान दाखल केलं, तेव्हापासून म्हणीतला हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत तिथं फिरतो आहे. भीतीमुळे शिक्षण, नोकरी, नाती अडतात का? किंवा जिवाला लक्षणीय त्रास होतो का? यातलं काहीच नसेल तर माणूस नुसता लाजाळू, आणि लाजाळू असायला त्याला पूर्ण मुभा.

मात्र रेष कुठं ओढायची यावर सगळं अवलंबून राहिलं. ऐंशीच्या दशकारंभी अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यात कधीतरी हा विकार झालेले लोक सुमारे अडीच टक्के निघाले. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत 13.3 टक्के. दहा-बारा वर्षांत देश एवढा भित्रा झाला नसेल. मधल्या काळात व्याख्या रुंदावली होती आणि प्रसंगांची यादी लांबली होती. मग 1999 मध्ये तिथं एका नैराश्यावरच्या गोळीला या विकारासाठी परवानगी मिळाली आणि ‘माणसांची ॲलर्जी’ अशा थाटाच्या जाहिराती झळकल्या. लाजण्याला रोग ठरवलं, ही ओरड तेव्हापासूनची. ती खोटी नाही. पण कॉलेजात तोंडी परीक्षेच्या दिवशी दरवर्षी आजारी पडणाऱ्या मुलीला त्या ओरडीचा उपयोग शून्य.

2013 च्या पाचव्या आवृत्तीत नाव बदलून ‘सोशल ॲन्क्झायटी डिसऑर्डर’ झालं. त्यातला एक बदल मला नावाहून मोठा वाटतो. आधी रुग्णानंच कबूल करावं लागे की आपली भीती अवाजवी आहे. आता ते डॉक्टर ठरवतो : प्रसंगातला खरा धोका आणि भोवतालची संस्कृती बघून. शिवाय भीती साधारण सहा महिने टिकलेली हवी. मुलांमध्ये ती बरोबरीच्या मुलांतही दिसायला हवी, नुसती मोठ्यांपुढे नव्हे. पाहुण्यांनी पाढे म्हणायला सांगितल्यावर आईच्या पदराआड दडणारं पोर त्यामुळे सुटतं. जबलपूरच्या मराठी घरात मी आणखी एक विचारीन : गप्प कोणत्या भाषेत बसतो? घरात मराठी, फुहाऱ्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी. तीनपैकी एकाच ठिकाणी जीभ जड होत असेल तर आधी भाषेकडे पाहावं.

संस्कृती बघायची म्हणजे काय, हे ही भीती मोजण्याच्या लिबोविट्झच्या मोजपट्टीवरून कळतं. 1987 च्या या पट्टीत चोवीस प्रसंग आहेत. चारचौघांत खाणं, अधिकाऱ्याशी बोलणं, गळ्यात पडणाऱ्या विक्रेत्याला नकार देणं. प्रत्येकाला भीतीचे शून्य ते तीन आणि टाळण्याचे शून्य ते तीन गुण, कमाल 144. त्यातला एक प्रसंग विकत घेतलेली वस्तू दुकानात परत करण्याचा. आता ज्या बाजारात ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ अशी पाटी गल्ल्याच्या डोक्यावर टांगलेली असते, तिथं या प्रश्नाला पूर्ण गुण कोण मिळवणार नाही?

आणि नकाराचा प्रसंग. दुकानदारानं तीस साड्या उलगडल्या, पंखा आपल्याकडे वळवला, चहा सांगितला. आता उठायचं कसं? इथं आपल्या फजितीपेक्षा त्याला वाईट वाटेल ही टोचणी मोठी. जपानमध्ये शोमा मोरिता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या विकाराचा अभ्यास केला, त्या ‘ताइजिन क्योफुशो’त हीच भीती सापडते : माझ्या नजरेनं, वासानं, अस्तित्वानं समोरच्याला त्रास होईल. इतरांना दुखावण्याचं भय पाचव्या आवृत्तीच्या निकषांत उघडपणे आलं. भिडस्त माणसाला यात नवीन काही नाही. तो न आवडलेली साडी घेऊन मुकाट घरी येतो.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 मध्ये मांडलं की भीती टिकवण्यात अशा सुटकांचा मोठा वाटा असतो. मोबाइल कानाला लावून दुकानासमोरून जाणं, भाव न विचारता पैसे देणं. संकट टळलं असं वाटतं, आणि संकट नव्हतंच हे कधी कळत नाही.

यावरचा एक उतारा मराठीत फार आधी आला होता. पुढं मानसोपचारतज्ज्ञ झालेला अल्बर्ट एलिस एकोणीस वर्षांचा असताना न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभरात शंभराहून अधिक अनोळखी स्त्रियांशी स्वतःहून बोलायला गेला. एकीनंच भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण कोणी पोलिसांना बोलावलं नाही. त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मुंबईत रुजवली, एलिसशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला. लाजेवर चाल करून जाण्याचे एलिसचे गृहपाठ प्रसिद्ध आहेत. फुहाऱ्यावरचा गृहपाठ बहुधा असा असता : साडीच्या दुकानात बसा, तीस साड्या उलगडायला लावा, चहा प्या, ‘नाही आवडली’ म्हणा आणि उठा.

पायरी उतरताना कान तापतात, पाठीत नजर रुतल्यासारखी वाटते. वळून पाहावं तर दुकानदाराच्या हातांत साडीची घडी, आणि तो आपल्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत हाक मारतोय : "आइए भाभीजी!"