नसण्याची खात्री

आषाढात पालीतून राजगड दिसत नाही. गडाचा रुंद पायऱ्यांचा राजमार्ग याच बाजूने वर चढतो, पाली दरवाजाला नावही या गावाचंच. पण पावसाळ्यात ढग एकदा उतरला, की संजीवनी माची गेली, पद्मावती माची गेली, बालेकिल्ला तर कुठे होता तेही सांगता येत नाही. तरी गावात कुणी ‘गड नाही’ म्हणत नाही. ‘आज गड दिसत नाही’ एवढंच म्हणतात. मार्गशीर्षात हवा निवळते आणि त्याच अंगणातून कुणी मान वर करून सांगतो, ‘वर धूर नाही, म्हणजे कुणी चूल पेटवलेली नाही.’ ते ऐकणाऱ्याला पटतंही. दोन्ही दिवशी डोळ्यांना काही दिसलेलं नाही. मग एका न दिसण्यातून काहीच का कळत नाही, आणि दुसऱ्यातून एवढं कसं कळतं?

डोंगर, धूर आणि अग्नी ही आपल्या तर्कशास्त्राची जुनी सामग्री. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं, हे शाळकरी पोरालाही पटतं. सातव्या शतकातल्या मीमांसक कुमारिल भट्टांनी प्रश्न उलट्या टोकाने धरला. धूर नसल्याचं ज्ञान कशाने होतं? जे नाहीच, ते डोळ्याला लागणार कसं? म्हणून त्यांनी अभावाच्या ज्ञानासाठी एक स्वतंत्र, सहावं प्रमाण मानलं. पुढे त्याला अनुपलब्धी हे नाव रुळलं. नैयायिकांना हे वेगळं प्रमाण मान्य नव्हतं. त्यांच्या मते रिकामी जागा दिसते, तसं ‘घडा नसणं’ हेसुद्धा दिसतंच. वाद शतकानुशतकं चालला. एका अटीवर मात्र दोन्ही पक्ष ठाम होते: घडा असता, तर तो दिसला असता, अशी स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, याला काडीचीही किंमत नाही. न दिसणं ‘योग्य’ असावं लागतं.

त्या ‘असता तर’ला आज कणभौतिकीची जगातली सर्वांत मोठी प्रयोगशाळा कॉम्प्युटरवर उभं करते.

जिनिव्हाजवळ सर्नमध्ये जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाच्या नळीत प्रोटॉनचे जुडगे समोरासमोर आणून आदळवले जातात. सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा ते एकमेकांतून जातात. आदळण्यातून जन्मलेला जड कण डिटेक्टरपर्यंत पोचतही नाही, त्याआधीच फुटतो. हाती लागतात ते तुकडे, आणि तुकड्यांनी उमटवलेले विजेचे बारीक ठसे. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कण सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हाही हिग्ज कुणी ‘पाहिला’ नव्हता. हिग्ज नसता तर ठशांची रास कशी दिसली असती आणि असता तर कशी, ही दोन्ही चित्रं आधीच तयार होती. प्रत्यक्ष रास दुसऱ्या चित्राशी जुळली.

ही चित्रं काढण्याची रीत पाहिली, तर तिच्यात थोडं देवघर आहे आणि बराचसा जुगार. टकरीत काय काय निपजेल, हे क्वांटम सिद्धान्त फक्त शक्यतांच्या भाषेत सांगतो. म्हणून कॉम्प्युटर फासे टाकतो. पद्धतीचं नाव माँटे कार्लो, म्हणजे जुगाराच्या अड्ड्यासाठी प्रसिद्ध गाव. आजारपणात पत्त्यांचा एकट्याचा डाव मांडून बसलेल्या स्टॅनिस्लाव उलाम यांना १९४६ साली ती सुचली. स्वीडनमधल्या लुंड इथे घडलेल्या, टकरी ‘घडवणाऱ्या’ प्रोग्रॅमला पिथिया म्हणतात. डेल्फीच्या देवळात अपोलोचा कौल सांगणारी पुजारीण, ती पिथिया. कोकणात देवापुढे तांदूळ नाहीतर फूल लावून कौल घेतात, उजवा पडला तर होकार. फरक इतकाच, की कौल एका प्रश्नाला एकदा लावायचा असतो, आणि या पिथियाकडे तोच कौल कोट्यवधी वेळा मागतात. तिच्या फाशांत दैव नावालाही नसतं, ही त्यातली गंमत. आकड्यांची मालिका एका ‘बीजा’पासून सुरू होते, आणि तेच बीज पुन्हा पेरलं तर तोच योगायोग जसाच्या तसा पुन्हा उगवतो. कर्मविपाकावर प्रवचन करणाऱ्याला याहून चांगला दृष्टान्त मिळायचा नाही.

पिथियाने कण जन्माला घातले, की ते जियांट-फोर नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवले जातात. त्याच्या पोटात अख्खा डिटेक्टर असतो: थर, तारा, खांब, चुंबकाची वेटोळी. कण एकेक पाऊल पुढे सरकतो, धातूवर आदळतो, त्यातून दुसरे कण फुटतात, त्यांतून आणखी. खऱ्या यंत्रात निमिषाच्याही क्षुल्लक अंशात होणाऱ्या एका गुंतागुंतीच्या टकरीला इथे कित्येक सेकंद, कधी मिनिटंही लागतात.

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा, इथे थेट संबंध येतो. सर्नच्या सीएमएस प्रयोगात चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या लाद्यांचा एक थर आहे. तो टीआयएफआर आणि चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाने उभा केला. आतला ऊर्जा मोजणारा भाग चुंबकाच्या पोटात बसवायचा, तर जागा अपुरी. काही कणांच्या वर्षावाची शेपटी त्या भागातून निसटून बाहेर पडते. बाहेरचा थर ती शेपटी पकडतो.

एवढ्याशा गळतीचं एवढं कौतुक का? कारण न दिसणारे कण गळतीवरूनच ओळखायचे असतात. मीमांसकांचा देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी अंगाने भरलेला आहे, म्हणजे रात्री जेवत असणार. या युक्तीला अर्थापत्ती म्हणतात. टकरीतल्या तुकड्यांचा आडव्या दिशेचा हिशेब जुळला नाही, की भौतिकशास्त्रज्ञ तेच म्हणतात: काहीतरी न दिसता निघून गेलं. ते न्यूट्रिनो असेल, कदाचित कृष्णद्रव्याचा कण असेल. पण मोजणारं भांडंच गळकं असेल, तर भलत्याच देवदत्तावर रात्री जेवल्याचा आळ यायचा. भांडं किती गळतं, हे कळायला आधी कॉम्प्युटरमध्ये कण ओतून पाहावे लागतात. आणि त्या हिशेबावर विश्वास बसावा म्हणून १९८३ साली सापडलेला, चांगला ओळखीचा झेड कण पुन्हा पुन्हा तपासतात. धुक्यात पाली दरवाजाचा बुरूज दिसतो का, यावरून आज नजर कुठवर पोचते ते ठरवावं, तसं.

इथवर सगळं सुरळीत आहे. अडचण कुमारिलांच्याच दुसऱ्या अटीत आहे. नुसतं ‘नाही’ असं काही नसतं. अमुक नाही, असं म्हणावं लागतं. त्या अमुकाला शास्त्रात प्रतियोगी म्हणतात, आणि अभाव कळायला तो आधी आठवावा लागतो. देवदत्त कोण हे ज्याला ठाऊकच नाही, त्याला घरात देवदत्त नसल्याचं कळणार नाही. सिम्युलेशनचंही तसंच आहे: ज्या कणाची कल्पना केली, त्याचंच ‘असता तर’ काढता येतं. शिवाय सेकंदाच्या त्या चार कोटींपैकी फक्त हजारभर, फार तर काही हजार, टकरी साठवल्या जातात. बाकीच्या तिथल्या तिथे टाकून द्याव्या लागतात, आणि काय ठेवायचं हे बरंचसं कल्पिलेल्या कणांवरून ठरतं. अकल्पित पाहुणा दारात येऊन गेला, तर चौकीदाराच्या वहीत त्याची नोंद नाही. हे संशोधकांना ठाऊक आहे. ठराविक प्रतियोगी मनात न धरता नुसती विसंगती शोधणाऱ्या पद्धतीही आता वापरात आहेत. पण त्यांना तरी ‘विसंगती’ कशाच्या तुलनेत म्हणायची?

ईश्वराचा प्रश्नही याच वाटेने आला होता. वेदांचे कडवे कैवारी असूनही कुमारिलांनी जगाचा कर्ता ईश्वर मानला नाही, हे पुष्कळांना आजही खरं वाटत नाही. पुढे उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराची बाजू मांडली. ‘दिसत नाही म्हणून नाही’ म्हणणाऱ्यांना त्यांनी योग्यतेच्याच अटीत पकडलं. ईश्वर डोळ्याला दिसण्याजोगा नाही, तेव्हा त्याच्या न दिसण्यातून काही सिद्ध होत नाही. युक्तिवाद बिनतोड आहे. किंमत मात्र मोठी आहे, कारण ज्याच्या नसण्याचा कुठलाच पुरावा संभवत नाही, त्याच्यासाठी मार्गशीर्षातली निवळ सकाळ कधी उगवतच नाही.

नेमका हाच ठपका आज भौतिकशास्त्रात अतिसममिती मानणाऱ्यांवर येतो. प्रत्येक ज्ञात कणाला एक जड जोडीदार आहे, असा तो सिद्धान्त. पुण्यात जन्मलेल्या रोहिणी गोडबोले यांनी मानुएल ड्रेस आणि प्रबीर रॉय यांच्यासह या जोडीदारांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातला एकही जोडीदार आजवर सापडलेला नाही. ग्लुइनो नावाचा एक जोडीदार काही गृहीतकं धरली तर प्रोटॉनच्या दोन हजार पट वस्तुमानापर्यंत नाही, असं सर्नचे प्रयोग सांगतात. ते सांगता येतं, कारण तो कसा दिसला असता हे अशा अभ्यासकांनी अगोदरच मांडून ठेवलं होतं. जोडीदार सापडला नाही की ‘तो आणखी जड असेल’ म्हणणारेही आहेत. उदयनाचार्यांच्या ईश्वरापेक्षा ग्लुइनो एका बाबतीत बरा: दर वेळी तो कुठपर्यंत नाही, हे आकड्यात सांगावं लागतं.

गोडबोले यांचं नाव मात्र त्याआधीच एका वेगळ्या कामाशी जोडलं गेलं होतं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन सरळ रेषेत आदळवणारी यंत्रं स्वच्छ टकरी देतील, अशी अपेक्षा होती. १९९१ साली गोडबोले आणि ड्रेस यांनी हिशेब करून दाखवलं, की दाटीवाटीने येणारे जुडगे एकमेकांना वाकवतील, त्यातून फोटॉन सुटतील, आणि हे फोटॉन आपसात आदळताना नुसत्या प्रकाशासारखे वागणार नाहीत. त्यांच्या पोटातले क्वार्क आणि ग्लुऑन बाहेर पडतील, आणि काही आराखड्यांत या राडारोड्याने डिटेक्टर भरून जाईल. पुढच्या आराखड्यांना तो हिशेब विचारात घ्यावा लागला. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी गोडबोले यांचं निधन झालं. त्या जातीचं मोठं यंत्र तेव्हाही कागदावरच होतं. त्याच्यात किती धुकं दाटेल, हे मात्र तेहतीस वर्षं आधी मोजून झालं होतं.