सोडलं ते कशासाठी

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी ठरवलेलं पार पाडलं नाही. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन ते पदव्युत्तर शिक्षणाच्या वाटेला लागले होते. 1938 साली काँग्रेसने चीनला वैद्यकीय पथक पाठवायचं ठरवलं तेव्हा त्यांनी तो अभ्यास बाजूला ठेवला आणि बोटीत बसले. त्यांच्या गावी, सोलापुरात, ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून सांगतात. शिक्षक म्हणून मीही ती वर्गात वर्षानुवर्षं तशीच सांगत आलो. अलीकडे तारखा लावून ती पुन्हा वाचली, तेव्हा दिसलं की तिच्यात ठरवलेलं मोडण्याचे प्रसंगच जास्त आहेत. पथकात पाच डॉक्टर होते. आपलं काम करून परतण्यात कसलाही कमीपणा नव्हता. बाकीचे चौघे मागेपुढे परतलेच. कोटणीस तिथे असताना वडील गेल्याची बातमी आली, तरी ते आले नाहीत. 1941 मध्ये तिथे कॅनेडियन डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्यावर आली. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहायला घेतलं, ते अपुरं राहिलं, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, ते गेले.

म्हणजे हिशेब काय झाला? पदव्युत्तर पदवी नाही. परत येणं नाही. पुस्तक अर्धवट. ‘ठरवलं ते केलं का?’ एवढाच प्रश्न विचारायचा तर भैया चौकात ज्यांचं स्मारक आहे ते नापास होतात आणि मी पास होतो.

कारण मी ठरवलेलं केलेलं आहे. जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यायचं ठरवलं, घेतला. कर्जाचा एकही हप्ता चुकवला नाही. पगार उशिरा झाला त्या महिन्यांत उसनवारी करून भरला. घरचे, शेजारचे, सगळे म्हणाले, माणूस शब्दाचा पक्का. मलाही ते बरं वाटायचं. आता स्वतःसमोर बसून खरं बोलायचं तर त्या पक्केपणात माझा वाटा किती? तारीख बँकेची, रक्कम बँकेची, चुकलं तर दंड बँकेचा. माझी फक्त सही होती. आणि तो फ्लॅट हवा होता की नाही, हे मी स्वतःला कधी नीट विचारलंच नाही. स्टाफरूममध्ये त्या वर्षी सगळेच घेत होते.

ज्याच्यामागे कुणी उभं नव्हतं, असं एकच मी मनापासून ठरवलं होतं. कन्नड शिकायचं. आमच्या गावाला याचं नवल वाटू नये. पूर्व भागात तेलुगू, जुन्या पेठांमधून कन्नड, आणि बाजारात तिन्ही भाषांची मिसळ असं हे शहर. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावावर ते उभं आहे, त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. त्यांच्याच गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला संमतीकट्ट्यासमोर दरवर्षी मी उभा असतो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, नंदीध्वज, संमतीचं वाचन, आणि हजारो हातांतून एकदम उडणाऱ्या अक्षता. माझ्याही. शब्द कानावर पडतात, अर्थ पोचत नाही. आपल्याच गावच्या बाराव्या शतकातल्या माणसाशी मला दुभाष्याशिवाय बोलता येत नाही याची लाज वाटली आणि मी ठरवलं.

ठरवलं, म्हणजे मुख्यतः सांगितलं. स्टाफरूममध्ये सांगितलं, नातेवाइकांत सांगितलं, एका कार्यक्रमात प्रास्ताविक करताना तर माइकवरून सांगितलं. लोक म्हणाले, वा सर, या वयात! पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचा 2009 सालचा एक अभ्यास पुढे वाचनात आला. ‘मला अमुक व्हायचंय’ हा इरादा दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला की माणसाला तो होऊन गेल्यासारखंच वाटू लागतं आणि प्रत्यक्ष कष्ट कमी होतात, असं त्यांना प्रयोगांत आढळलं होतं. वाचून मी चपापलो, आणि लगेच थोडा सुखावलोही: बघा, दोष स्वभावाचा आहे, सगळ्यांचाच आहे. हे सुखावणं मला आता जास्त खटकतं. शास्त्राचा आधार मी कबुलीसाठी घेतला की सुटकेसाठी?

याच गोलविट्झर यांचं त्याआधीचं काम कधी, कुठे, कसं हे आधी ठरवण्याबद्दल आहे. तसं ठरवणारी माणसं जास्त वेळा तडीला जातात. आपल्याकडे सत्यनारायणालासुद्धा गुरुजी संकल्पात आधी देश आणि काळ उच्चारतात, मग नाव-गोत्र, आणि फळ त्यानंतर. माझ्या संकल्पात नुसतं फळ होतं. नंदीध्वज पेलणारी मंडळी यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव करतात. एखादा आला नाही तर दुसऱ्या दिवशी विचारणारे असतात. मी कन्नडच्या मुळाक्षरांचं पुस्तक आणलं, ते ‘ळ’पर्यंतही गेलं नाही, आणि विचारणारं कुणी नव्हतं. ज्यांनी ‘वा सर’ म्हटलं होतं तेही विसरून गेले. त्यांचा दोष नाही. त्यांच्याकडून मला जे हवं होतं ते मी पहिल्याच दिवशी घेतलं होतं.

विचारलंच कुणी, तर मी म्हणायचो, आई आजारी होती ना. होतीच. शेवटची काही वर्षं ती अंथरुणाला खिळून होती, आणि हे कारण पुढे केलं की समोरचा माणूस आदरानं गप्प होतो. कोटणिसांना खरं तर जो प्रश्न लावायला हवा तो मी स्वतःला लावला, सोडलं ते कशासाठी, तर माझं उत्तर तयार होतं: आईसाठी. अभ्यास सोडून रुग्णसेवा. अगदी त्यांच्याच वळणाचं.

पण त्या उत्तराला उलट तपासणी चालत नाही. आईच्या औषधांच्या वेळा बायकोला पाठ होत्या. मला चिठ्ठी बघावी लागायची. रात्री उठायची तीच. दुपारी आई झोपायची तेव्हा मी शेजारच्या खोलीत फोनवर गावातल्या राजकारणाचे व्हिडिओ बघत पडलेला असायचो. मुळाक्षरांचं पुस्तक त्याच खोलीतल्या कपाटात होतं. म्हणजे कन्नड मी आईसाठी सोडलं नाही. आईला मी कारण म्हणून वापरलं, आणि ती गेल्यावरही वापरत राहिलो. फ्लॅटचा हप्ता मात्र तिच्या आजारपणात एकदाही थांबला नव्हता, हे या हिशेबात कुठे धरायचं ते मला अजून कळलेलं नाही.

सगळंच काही माझ्या विरुद्ध जात नाही. खोटी शरणागती हीसुद्धा एक ऐटच असते. पीएच.डी. करायची असं मी एकदा ठरवलं होतं. विषयसुद्धा नक्की नव्हता. एका सहकाऱ्याच्या नावाआधी ‘डॉ.’ लागलं आणि मला पोटात दुखलं, एवढंच त्याचं मूळ. ते सोडलं तेव्हा अपराधी वाटलं होतं, आता वाटत नाही. त्या वेळात मी काही मुलांना संध्याकाळी शाळेत थांबवून गणित शिकवलं. त्यात विडी वळणाऱ्या घरांतल्या मुली होत्या, घरी बसून अभ्यास होण्याची शक्यताच नव्हती. ते मी कुठे ठरवलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं. त्या हिशेबात मी बरा निघतो, पण म्हणून कन्नडचा हिशेब मिटत नाही. एका खात्यातली जमा दुसऱ्यात वळवायची सवय मला आहे.

कोटणिसांनी प्रत्येक वेळी सोडलं ते अधिक महाग पडणाऱ्या गोष्टीसाठी. घरी परतता येत होतं, ते लांब राहिले. पदवी मिळणार होती, त्यांनी रुग्णालय घेतलं. मी सोडलं ते बहुतेक वेळा स्वस्तासाठी, आणि पावती मात्र महागाची दाखवत आलो. त्यांच्याइतकं कुणी माझ्याकडून मागितलेलंही नाही. गडी चीनला चालला नव्हता, कपाटापर्यंत जायचं होतं.

पेठेत कन्नड माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी राहतात. परवा त्यांच्याकडे गेलो. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सहा, त्यांच्या ओट्यावर, असं ठरवून घेतलं. घरात बायकोखेरीज कुणाला बोललो नाही. सहा महिन्यांची फी पाकिटात घालून नेली होती. पैसे गुंतले की मी जातो, हे मला माझ्याबद्दल आता पक्कं माहीत आहे. गुरुजींनी पाकीट परत माझ्या खिशात घातलं.

“पैशाचं बघू की नंतर,” ते म्हणाले. “तुम्ही आधी या तर.”